अर्ज एकाचा, परिणाम अनेकांचा : नाशिकमधील बांधकाम-परवानगीविषयक तक्रारींचे एक परीक्षण

१

नगरसंस्थांच्या कारभाराविषयी ज्या तक्रारी नित्य ऐकू येतात, त्यांत बांधकाम-परवानगीविषयक तक्रारींचे स्थान वेगळे आहे. नळास पाणी नाही, कचरा उचलला जात नाही, रस्त्यावर दिवा नाही, या तक्रारी सेवेच्या अभावातून उद्भवतात आणि ती सेवा मिळताच संपतात. परवानगीविषयक तक्रारीचे स्वरूप असे सरळ नाही. एकाच प्रकरणात अर्जदाराची तक्रार परवानगी मिळाली नाही अशी असते, आणि ती मिळाल्यास त्याच्या शेजाऱ्याची तक्रार ती का मिळाली अशी असते. म्हणजे निर्णय कोणताही झाला तरी कोणी ना कोणी असंतुष्ट राहणारच. या असंतोषास प्रशासनाचा दोष मानणे योग्य ठरणार नाही. मात्र असंतुष्ट पक्षाचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकून घेतले गेले की नाही, हा प्रश्न प्रशासनास टाळता येणार नाही. प्रस्तुत परीक्षणाचा विषय तो आहे.

या तक्रारींची तीन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले दिरंगाईचे, दुसरे भ्रष्टाचाराचे आणि तिसरे नियमांच्या गुंतागुंतीचे. तिन्हींत तथ्यांश आहे. परंतु ती पुरेशी असती, तर गेल्या काही वर्षांतील सुधारणांनी तक्रारींचे मूळच उखडले असते. नकाशांची छाननी संगणकाकडे गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभरासाठी एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. लहान भूखंडांसाठी परवानगीची रीत अतिशय सुलभ करण्यात आली. या सुधारणांनी अर्जदाराची वाट काही अंशी सुकर झाली हे मान्य करावे लागेल. पण ज्यांनी अर्ज केलेला नाही आणि तरीही ज्यांच्या जीवनावर त्या अर्जाचा परिणाम होतो, त्यांची स्थिती होती तेथेच राहिली. तक्रारींचे खरे उगमस्थान येथे आहे, आणि ते कर्मचाऱ्यांच्या वर्तनापेक्षा कायद्याच्या रचनेत अधिक सापडते.

२

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा मूलाधार होय. या अधिनियमात नगररचनेची दोन अंगे स्पष्टपणे वेगळी केलेली आहेत. एक आराखड्याचे, दुसरे परवानगीचे. आराखड्याच्या अंगात लोकांच्या म्हणण्यास मानाचे स्थान आहे. कलम २६ अन्वये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कलम २८ अन्वये त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, आणि या समितीत स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर विषयाचे विशेष ज्ञान असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्तींची योजना केलेली आहे. येथे जमिनीचा मालक, भाडेकरू, शेजारी किंवा केवळ शहराविषयी आस्था असलेला नागरिक, असा भेद केलेला नाही. जो हरकत घेईल त्याचे ऐकावे, असे हे तत्त्व आहे.

परवानगीच्या अंगात हे तत्त्व एकाएकी लुप्त होते. कलम ४४ अन्वये विकास करू इच्छिणारी व्यक्ती अर्ज करते. कलम ४५ अन्वये नियोजन प्राधिकरण परवानगी देते, सशर्त देते किंवा नाकारते. कलम ४७ अन्वये निर्णयाने व्यथित झालेल्या अर्जदारास चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. या तिन्ही कलमांत दोनच पात्रे आहेत : अर्जदार आणि प्राधिकरण. शेजाऱ्यास सूचना द्यावी असे कोठे म्हटलेले नाही. त्याचे म्हणणे मागवावे, असेही नाही. अपिलाचा अधिकार तर केवळ अर्जदाराचा आहे. बांधकामाच्या जागी परवानगीचा तपशील देणारा फलक लावावा लागतो हे खरे. पण तो फलक परवानगी मिळाल्यानंतरचा आहे. त्यावरून शेजाऱ्यास काय ठरले ते कळते, ठरविण्यात भाग घेता येत नाही.

कारणे देण्यासंबंधीची तरतूद तर विशेष मननीय आहे. परवानगी नाकारली अथवा ती अटींसह दिली, तर त्याची कारणे आदेशात नमूद केली पाहिजेत, असे कलम ४५ सांगते. विनाशर्त परवानगीस कारणे द्यावी लागत नाहीत. अर्जदाराच्या दृष्टीने हे यथायोग्य आहे; ज्यास हवे ते मिळाले तो कारण कशास विचारील? परंतु शेजाऱ्याचा प्रश्न नेहमी दिलेल्या परवानगीविषयीच असतो. सामासिक अंतर पुरेसे आहे काय, रस्त्याची रुंदी कोणत्या आधारावर धरली, नाल्याचा मार्ग कोणी तपासला, ही त्याची विचारणा. ज्या ठिकाणी त्यास कारणांची गरज आहे, नेमके त्याच ठिकाणी कायदा मौन पाळतो.

अर्जदाराचे संरक्षणही दिसते तितके भक्कम नाही. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानावे, असे कलम ४५ च्या पाचव्या पोटकलमात म्हटले आहे. कार्यालयीन भाषेत यास 'मानीव परवानगी' म्हणतात. पण प्राधिकरणाने काही माहिती मागविली असल्यास हे साठ दिवस अर्जदाराचे उत्तर पोचल्यापासून मोजावयाचे असतात. म्हणून एक त्रुटी, तिचे उत्तर, मग दुसरी त्रुटी, अशा क्रमाने घड्याळ पुनःपुन्हा आरंभापासून चालू करता येते. शिवाय मानीव परवानगीवर केलेले बांधकाम नियमांशी तंतोतंत जुळले नाही तर ते अनधिकृत ठरते. मानीव परवानगीच्या भरवशावर भांडवल गुंतविण्यास शहाणा मनुष्य सहसा धजणार नाही. यास्तव अर्जदार कायद्याने दिलेल्या मुदतीपेक्षा कार्यालयातील ओळखीवर अधिक विसंबतो. भ्रष्टाचाराची शंका ज्या जमिनीत रुजते ती जमीन अशी तयार होते.

सर्वांत विलक्षण गती कलम ५३ मध्ये आढळते. शेजाऱ्याने अनधिकृत बांधकामाची तक्रार केली आणि प्राधिकरणाने नोटीस बजावली, असे मानू. नोटीस मिळालेल्या व्यक्तीस ते बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगी मागण्याची मुभा आहे, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत केवळ नोटिशीमुळे बांधकामास बाध येत नाही. म्हणजे तक्रारीचे रूपांतर अर्जात होते, आणि त्या अर्जात मूळ तक्रारदारास स्थान उरत नाही. ज्याने प्रकरण उघडकीस आणले तो पुढच्या पायरीवर परका होतो. कलम १४९ अन्वये प्राधिकरणाच्या आदेशास दाव्याद्वारे आव्हान देण्याचा मार्गही सामान्यतः बंद आहे. उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज. आणि तो मार्ग काळ व द्रव्य या दोन्ही दृष्टींनी सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातला नव्हे.

३

या रचनेचे परिणाम नाशिकइतके स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळतील. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिकबरोबर नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची खेडी एका छत्राखाली आली. गोदाकाठची वाड्यांची दाट वस्ती, सातपूर-अंबडचा औद्योगिक पट्टा आणि द्राक्षबागांची शेती, अशा भिन्न स्वभावाच्या जमिनी एका नियमावलीखाली आल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ भरली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरात प्रत्येक परवानगी म्हणजे शेजारच्या कोणाच्या तरी उजेडाचा, पाण्याचा व वाटेचा निर्णय होय.

आराखड्याच्या अंगात नाशिककरांनी आपले म्हणणे मांडण्यात कधी कसूर केलेली नाही. नव्वदीच्या दशकात मंजूर झालेल्या आराखड्याची मुदत संपत आल्यावर सुधारित आराखड्याचे काम हाती घेण्यात आले. २०१३ मध्ये पुढे आलेल्या प्रारूपास, विशेषतः आरक्षणांच्या प्रश्नावरून, तीव्र विरोध झाला आणि महासभेने ते नाकारले. त्यानंतर राज्य शासनाने हे काम नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याकडे सोपविले. नवे प्रारूप २०१५ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाले आणि त्यास २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. या घटनाक्रमावर टीका करण्यास जागा आहे. विलंब झाला हे उघड आहे. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. जेथे कायद्याने हरकतीस दार ठेवले, तेथे लोक त्या दाराने आत आले, आणि त्यांच्या येण्याने निर्णय बदलला. नागरिक उदासीन असतात, हा आक्षेप येथे टिकत नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढील काही वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. परवानगीच्या प्रकरणात शेजाऱ्यास औपचारिक स्थान नसले तरी प्रभागाच्या नगरसेवकाकडे जाण्याची अनौपचारिक वाट त्यास होती. ही वाट चांगली होती असे म्हणता येणार नाही. ती वशिल्याची, आणि म्हणून विषमतेची वाट होती. पण तीही बंद झाली, तेव्हा कायद्यातील रिकामी जागा अधिक ठळकपणे दिसू लागली.

४

'कपाट प्रकरण' या नावाने नाशिकमध्ये सर्वतोमुखी झालेला प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. जुन्या नियमावलीत कपाटाच्या जागेस चटईक्षेत्राच्या हिशेबातून सूट होती. मंजूर नकाशात कपाट म्हणून दाखविलेली जागा अनेक इमारतींत प्रत्यक्षात खोलीस जोडली गेली. २०१५ च्या सुमारास महापालिकेने या तफावतीकडे कठोरपणे पाहावयास सुरुवात केली आणि अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले. नियमाच्या दृष्टीने महापालिकेची भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. नकाशा एक आणि इमारत दुसरी, असे असताना दाखला देणे म्हणजे नकाशासच निरर्थक ठरविणे होय.

तथापि प्रश्न असा की, या निर्णयाचा भार कोणावर पडला? अर्ज विकासकाचा, नकाशा वास्तुविशारदाचा, मंजुरी महापालिकेची. सदनिका घेणारे कुटुंब या तिन्हींत कोठेच नव्हते. पण दाखला नसलेल्या घरात राहण्याची किंवा पैसे भरूनही घराबाहेर राहण्याची पाळी त्या कुटुंबावर आली. कर्ज, नळजोडणी, पुनर्विक्री, गृहनिर्माण संस्थेच्या नावे होणारे हस्तांतरण, या सर्व गोष्टी त्या एका कागदाशी बांधलेल्या असतात. विकासकाविरुद्ध ग्राहकास काही हक्क जरूर आहेत. १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम आणि २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम यांनी ते दिलेले आहेत; दोनतृतीयांश ग्राहकांच्या पूर्वसंमतीवाचून प्रकल्पाच्या मंजूर नकाशात मोठा बदल करता येत नाही, असे दुसरा अधिनियम सांगतो. परंतु हे हक्क विकासकापुढे आहेत, नियोजन प्राधिकरणापुढे नाहीत. दाखला रोखण्याचा निर्णय होत असताना ग्राहकाची सुनावणी व्हावी, अशी व्यवस्था परवानगीच्या कायद्यात नाही.

पुढे तोडगा निघाला तोही याच धर्तीचा होता. अरुंद रस्त्यांची रुंदी नऊ मीटर करून त्या भूखंडांवर हस्तांतरणीय विकासहक्क वापरता यावेत आणि वाढीव क्षेत्र त्यात सामावून घ्यावे, असा मार्ग काढण्यात आला. राज्याने २०१७ मध्ये अधिनियमात कलम ५२-क घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे प्रशमित करण्याची सोयही केली. अडकलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हे उपाय आवश्यक होते. परंतु त्यांचे स्वरूप प्रत्येक वेळी पश्चात्बुद्धीचे आहे. आरंभी कोणास ऐकावयाचे नाही, मध्ये तक्रारींचा डोंगर साठू द्यावयाचा आणि शेवटी सर्वांस एकदम क्षमा करावयाची, हा क्रम एकदा रूढ झाला की ज्याने नियम पाळला तोच मूर्ख ठरतो. नियमितीकरणाची आशा ही पुढील नियमभंगाची प्रेरणा होते.

गोदाकाठच्या जुन्या वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. सप्टेंबर २००८ च्या महापुराने नदीकाठच्या बाजारपेठांत व वस्त्यांत पाणी शिरले, आणि त्यानंतर पूररेषांचा विषय नाशिकच्या बांधकाम-चर्चेच्या मध्यभागी आला. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत आणि ते असावयासच पाहिजेत. परंतु याच पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले मातीविटांचे वाडे पावसाळ्यात ढासळतात. त्यांत मालक असतो, जुने भाडेकरू असतात, तळमजल्यावर दुकानदार असतो. पुनर्बांधणीचा अर्ज मालक करतो. तो नाकारला गेला तर भाडेकरूस धोकादायक छपराखाली राहावे लागते. मंजूर झाला तर नव्या नकाशात आपली खोली आहे की नाही, हे त्यास निश्चित ठाऊक नसते. दोन्ही पक्षी निर्णय त्याच्या आयुष्याविषयी आहे, आणि दोन्ही पक्षी त्या निर्णयाच्या कागदावर त्याचे नाव नाही.

५

निर्णयापूर्वी शेजाऱ्यास ऐकणे अव्यवहार्य आहे, असा प्रतिवाद केला जाईल. परवानग्यांची संख्या मोठी, अधिकारी थोडे. प्रत्येक नकाशावर हरकती मागविल्या तर शहरात एक भिंतही उभी राहणार नाही. शेजारी मत्सराने किंवा खंडणीच्या हेतूने हरकत घेतील. हा प्रतिवाद हलका नाही. त्याचे उत्तर परदेशात शोधण्यापूर्वी नाशिक महापालिकेच्याच दुसऱ्या एका विभागात शोधणे उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाड तोडण्याचा अर्ज आला की त्या झाडावर ठळकपणे नोटीस लावावी लागते, वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि हरकतींचा विचार केल्यावाचून निर्णय घेता येत नाही. हरकत घेणारा झाडाचा मालक असावा लागत नाही. २०२५ च्या अखेरीस तपोवनातील साधुग्रामासाठी झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककरांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदविल्या आणि तो विषय शहराच्या वेशीबाहेर सर्व महाराष्ट्रात गाजला. त्या वादात कोणती बाजू बरोबर, हा येथील प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, झाड पडण्यापूर्वी ते पडणार असल्याचे लोकांस कळले, आणि ते कायद्याने कळविले म्हणून कळले. ज्या भूखंडावरील एका झाडासाठी नोटीस लागते, त्याच भूखंडावर उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारतीसाठी ती लागत नाही. या विसंगतीचे तर्कशुद्ध समर्थन सापडणे कठीण आहे.

परदेशांतील अनुभव संमिश्र आहे. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या अर्जाची सूचना शेजाऱ्यांस पत्राने अथवा जागेवरील नोटिशीने मिळते व त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. मात्र परवानगी दिली गेल्यास त्यांस अपिलाचा अधिकार नाही. आयर्लंडने १९६३ च्या कायद्याने तिऱ्हाइतासही अपिलाचा अधिकार दिला. या अधिकारामुळे तेथे घरबांधणीस विलंब होतो, अशी टीका वेळोवेळी झालेली आहे. यावरून एवढेच निष्पन्न होते की, सुनावणी आणि नकाराधिकार या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली दिली म्हणजे दुसरी दिलीच पाहिजे असे नाही.

हा विवेक ठेवला तर सुधारणेची दिशा कठीण नाही. सर्व नकाशांसाठी एकच रीत लावण्याचे कारण नाही. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशे दाखल करून शुल्क भरले की तीच परवानगी मानण्याची रीत २०२० च्या नियमावलीने घातली. स्वतःचे लहान घर बांधणाऱ्यास तिने मोठा दिलासा मिळाला, आणि तो हिरावून घेऊ नये. परंतु मोठ्या इमारती, पूररेषेलगतची बांधकामे, भाडेकरू असलेल्या वाड्यांची पुनर्बांधणी आणि कलम ५३ च्या नोटिशीनंतर येणारे अर्ज, एवढ्या चार वर्गांसाठी जागेवर नोटीस, थोडक्या दिवसांची मुदत आणि हरकतीस लेखी उत्तर, इतके बंधन घालता येईल. त्याबरोबर दिलेल्या परवानगीचीही कारणे थोडक्यात नोंदवून ती सर्वांस पाहण्यास खुली ठेवावीत; सर्व त्रुटी एकाच वेळी कळविण्याचे बंधन कार्यालयावर असावे, म्हणजे साठ दिवसांच्या मुदतीस अर्थ येईल. मत्सरी हरकतदाराचे भय येथे फारसे उरत नाही. नियमाशी संबंध नसलेली हरकत एका वाक्यात फेटाळता येते. आणि जी फेटाळता येत नाही, ती मत्सराने घेतली असली तरी खरीच असते.

संगणकीय छाननीवर जी भिस्त ठेवण्यात येते, तिची मर्यादाही यावरून ध्यानात येईल. यंत्र नकाशातील अंतरे अचूक मोजते. परंतु नकाशात जे दाखविलेलेच नाही ते यंत्रास दिसत नाही. बुजविलेला ओहोळ, वहिवाटीची वाट, वाड्याच्या माडीवरचा भाडेकरू, कपाटामागे पुढे काढली जाणारी भिंत, यांची माहिती शेजाऱ्यास असते. त्यास विचारणे हे त्याच्यावरील उपकार नसून कार्यालयाच्या ज्ञानातील उणीव भरून काढण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

६

घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील पहिली बाब नगररचनेची आहे आणि दुसरी भूमिवापर व इमारतींचे बांधकाम यांच्या नियमनाची. या दोन बाबी एकापाठोपाठ असाव्यात यात औचित्य आहे. कारण आराखडा हे शहराने स्वतःस दिलेले वचन असते आणि परवानगी ही त्या वचनाची रोजची पूर्तता. वचन देताना सर्वांस बोलवावयाचे आणि पूर्तता करताना दार लावून घ्यावयाचे, ही सध्याची रीत आहे. नाशिकमधील तक्रारींचा ढीग हा त्या बंद दाराबाहेर साठलेल्या हरकतींचा ढीग होय. वेळीच विचारले असते तर ज्या गोष्टी हरकत म्हणून एका पानात मावल्या असत्या, त्याच पुढे तक्रार, नोटीस, रिट अर्ज आणि नियमितीकरण अशी रूपे घेत वर्षानुवर्षे चालत राहतात. अभ्यासकांनी या तक्रारींची मोजदाद केवळ प्रशासनाच्या अपयशाचे प्रमाण म्हणून न करता, कोणत्या पायरीवर कोणास ऐकले गेले नाही याची नोंद म्हणून केली, तर नगररचनेच्या कायद्यात नेमकी कोठे दुरुस्ती हवी, हे त्या तक्रारीच दाखवून देतील.